करंट तर येऊन राहिला भाऊ, मग गाडी का नाही सुरू होत?

मागच्या जूनमधली गोष्ट. नवतपा (मेअखेरचे नऊ तापलेले दिवस) संपला, पहिला दणकून पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी, जी आदल्या संध्याकाळी नागपूरच्या बर्डी बाजारातून अगदी नीट घरी आली होती, ती सुरूच होईना. वीस-पंचवीस किका मारून झाल्या. शेजारचे काका म्हणाले बॅटरी बसली असेल. काकूंचं म्हणणं, हॅन्डलचं लिंबू-मिरची वाळलंय, शनिवारी बदललंच नाही. लिंबाबद्दल एवढंच सांगतो की त्यात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसली तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो, त्याच्यावर गाडी सुरू होत नाही आणि त्यानं नजरही उतरत नाही.

काकांचा गैरसमज मात्र खूप जणांचा असतो. त्या काळच्या बऱ्याच किकवाल्या गाड्यांमध्ये ठिणगीचा आणि बॅटरीचा संबंधच नसतो, बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरसाठी. ठिणगीची वीज किक मारताना फिरणाऱ्या मॅग्नेटमधून येते. आणि गंमत म्हणजे अशा गाडीत चावी ऑफ केली की सीडीआयची (ठिणगी बरोबर वेळेला पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची) एक वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी फ्रेमला टेकते आणि ठिणगी मरते. म्हणजे चावी गाडी सुरू करायला नसतेच, ती बंद करायला असते! त्यामुळे चावीच्या स्विचमध्ये पाणी गेलं किंवा ती वायर कुठं घासून फ्रेमला टेकली तरी गाडी ठप्प.

पेट्रोल होतं, कॉक चालू होता, हॅन्डलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विचही बघितला (हसू नका, निम्म्या वेळा तोच असतो). मेकॅनिक आला, ठिणगी पाडणारा प्लग काढला, वायरच्या टोकाच्या रबरी कॅपमध्ये लावून इंजिनाच्या हेडला टेकवला, किक मारली, टिक टिक निळी ठिणगी. "करंट तं येऊन राहिला भाऊ, कार्बोरेटर खोला लागते."

इथंच माझं डोकं चाललं, कारण बाहेर दिसणारी ठिणगी आतल्या ठिणगीची खात्री देत नाही.

आधी ठिणगी होते कशी ते बघू. मॅग्नेटमुळे तयार झालेली साधारण 200 व्होल्टची वीज सीडीआयमधल्या एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठते. बरोबर वेळेला मॅग्नेटजवळची छोटी पल्सर कॉइल इशारा देते, थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू होतो आणि ती सगळी वीज एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमध्ये ओतली जाते. कॉइलच्या दुसऱ्या बाजूला शंभरेक पट जास्त वेढे, म्हणून तिथं 20,000 व्होल्टपर्यंत दाब चढतो. ऊर्जा किती म्हणाल तर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला तर 0.02 ज्यूल, म्हणजे एक ग्रॅमचा चिंचोका जमिनीवरून दोन मीटर उचलायला लागते तेवढी. बस्स!

आता प्लगची फट असते 0.6-0.7 मिलिमीटर. उघड्या हवेत ती ओलांडायला साधारण 3,000 व्होल्ट पुरतात. पण इंजिनात पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जाऊन मूळच्या नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबलं जातं. ठिणगी पडते ती अशी, की एखादा सुटा इलेक्ट्रॉन धावत सुटतो, वेग घेतो, वायूच्या रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो, मग ते दोघं आणखी दोन, असा लोंढा तयार होतो. पण वेग घ्यायला मोकळी जागा लागते. दिवाळीच्या आदल्या रविवारी बर्डीच्या मेन रोडवर पळून बघा, दोन पावलं टाकली की कोणाला तरी धक्का. दाट वायूत इलेक्ट्रॉनचं हेच होतं, वेग यायच्या आतच टक्कर, म्हणून मागून रेटा जास्त लागतो, सहज दोन-तीनपट, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट. वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर हे व्होल्टेज ठरतं, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवलं होतं. (गुणाकार फारच कमी झाला तर व्होल्टेज उलट वाढतं, तो आलेख फार सुंदर आहे, पण आपल्या गाडीत तेवढी पोकळी कधी नसते, सोडा.)

म्हणजे बाहेर 3,000 मध्ये काम भागतं, आत 10,000 लागू शकतात. आणि वाटेत कुठं सोपी पळवाट असेल तर वीज आतली दाट वाट सोडून तिकडूनच पळणार. आमच्याकडे 45 डिग्रीच्या वर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं प्लग कॅपचं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात. कोरडं असतं तोवर चालून जातं, पहिल्या पावसाचं पाणी चिरेत शिरलं की वीज तिथूनच इंजिनाच्या बॉडीवर.

म्हणून मी मेकॅनिकला म्हटलं कार्बोरेटर राहू दे. प्लग परत बसवला, गाडी पार्किंगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, किक मारली आणि कॅपच्या बुडाशी निळसर रेघ लपलपताना तिघांनाही दिसली. इरिडियम प्लग टाका, पिकअप डबल होईल, असा सल्लाही तेवढ्यात कोणीतरी दिलाच. त्याच्या बारीक टोकामुळे ठिणगी थोड्या कमी व्होल्टवर पडते हे खरं, पण फुटक्या कॅपपुढे तो तरी काय करणार. एचटी वायरचं टोक अर्धा इंच कापलं, नवीन कॅप त्यावर पिळून बसवली, दुसऱ्या किकला गाडी सुरू.

तुम्ही घरी प्लग टेकवून बघणार असाल तर त्याची लोखंडी बॉडी हेडला घट्ट टेकलेली पाहिजे, अधांतरी ठेवून किक मारली तर कॉइल किंवा सीडीआयच जाऊ शकतो, आणि प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, ठिणगी त्याच्यापासून लांब ठेवा.