रीलोडिंगमधली पावडर चार्जची दुहेरी तपासणी

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी परत मापात आणायची, तिच्यात नवा प्राइमर (आघाताने पेटून पावडर पेटवणारी तळाची छोटी टोपी) बसवायचा, पावडर भरायची आणि वरून गोळी दाबून बसवायची, या सगळ्या कामाला रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात, आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथे नेमबाज आणि शिकारी हे काम घरच्या टेबलावर करतात. एका पुंगळीत जेवढी पावडर जाते तिला चार्ज म्हणतात. पावडर भरून झाल्यावर पण गोळी बसवायच्या आधी, प्रत्येक पुंगळीत पावडर पडलीय का, एकदाच पडलीय का आणि ठरलेल्या वजनाइतकीच पडलीय का, हे वेगळ्या मार्गाने परत बघणं म्हणजे चार्जची दुहेरी तपासणी. यात वेगळ्या मार्गाने बघणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण काटाच चुकत असेल तर त्याच काट्यावर दोनदा वजन करून दोन्ही वेळा तोच चुकीचा आकडा येणार आणि माणूस उलट निर्धास्त होणार.

एकदा गोळी बसली की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. नवीन लोक हमखास विचारतात की मग तयार काडतुसं वजन करून जड-हलकी वेगळी काढली तर? मोठ्या रायफलच्या काडतुसात एखादी अगदी रिकामी राहिलेली पुंगळी असं केल्यावर कदाचित सापडेल, पण हँडगनमध्ये, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरमध्ये, हा उपाय फसवा आहे. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७००० ग्रेन आणि एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन. हँडगनचे बरेच चार्ज तीन ते सहा ग्रेनचे असतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच तेवढा फरक सहज निघतो, गोळ्यांच्या वजनातला फरक वेगळाच, त्यामुळे जड पुंगळीतलं बिनपावडरीचं काडतूस हलक्या पुंगळीतल्या व्यवस्थित भरलेल्या काडतुसाइतकंच भरू शकतं. कानाशी धरून हलवून बघण्यावरही अजिबात विसंबू नये.

हा धोका एवढा मोठा का, याचं मूळ इतिहासात आहे. .४५ कोल्ट हे १८७३ चं रिव्हॉल्वरचं काडतूस, .३८ स्पेशल १८९८ चं, आणि दोन्हींच्या पुंगळीची लांबी काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या, हिशोबाने ठरलेली. काळी दारू पुंगळी जवळजवळ भरेपर्यंत टाकायची असते, त्यामुळे चुकून डबल टाकायची सोयच नव्हती, ती सरळ बाहेर सांडली असती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी पावडर बनवली आणि पुढे सगळीकडे तशाच पावडरी आल्या. या पावडरी थोडक्यातच खूप जोर देतात, पण पुंगळी मात्र जुन्याच मापाची राहिली. म्हणून आज .३८ स्पेशलमध्ये फास्ट, म्हणजे झपाट्याने जळणाऱ्या, पावडरचा टार्गेट चार्ज (निशाणेबाजीसाठीचा हलका चार्ज) टाकला की तो तळाशी कुठेतरी दिसतो, वर सगळी मोकळी जागा, आणि त्या जागेत दुसरा चार्ज आरामात बसतो, काही पावडरींचा तिसराही. याउलट बहुतेक रायफलच्या पुंगळ्या पूर्ण ताकदीच्या चार्जने बऱ्यापैकी भरतात, डबल टाकायला गेलं तर पावडर टेबलावर सांडते आणि चूक आपोआप कळते. रायफलसाठी कमी ताकदीचे चार्ज भरणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही, त्यांचं प्रकरण .३८ सारखंच.

डबल चार्जने दाब नुसता दुप्पट होत नाही. बंदिस्त जागेत दाब वाढला की पावडर आणखी वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. अमेरिकेतल्या सामी या संस्थेने .३८ स्पेशलसाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे, .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची २१,००० आणि ९ एमएम लुगरची ३५,०००. डबल चार्ज यातली मर्यादा फार मागे टाकतो, रिव्हॉल्वरचं सिलिंडर फाटतं, त्याच्या वरची फ्रेमची पट्टी वाकते किंवा तुटते, आणि तुकडे झाडणाऱ्याच्या हाता-तोंडाकडे किंवा शेजारी उभ्या माणसाकडे जातात. सेमी-ऑटो पिस्तुलात पुंगळीचा जो भाग चेंबरच्या (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेच्या) भिंतीचा आधार नसलेला असतो तिथून ती फुटते आणि गॅस मॅगझिनच्या बाजूने खाली येतो. प्राइमर चपटा झालाय का बघून जास्त दाब ओळखायची सवय काही जणांना असते, पण .३८ सारख्या कमी दाबाच्या काडतुसात प्राइमर चपटा दिसेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

पावडर पडलीच नाही तर काय होतं हेही तितकंच गंभीर आहे. नुसता प्राइमर गोळीला ढकलून बॅरलमध्ये नेतो आणि ती तिथेच अडकते, याला स्क्विब म्हणतात. आवाज बारीक येतो, धक्का जवळजवळ लागत नाही. भरभर झाडणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही आणि त्याने पुढची गोळी झाडली तर बॅरल फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज वेगळा वाटला की तिथेच थांबायचं, हत्यार सुरक्षित दिशेला धरून रिकामं करायचं आणि बॅरल आरपार मोकळी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. एक-एक टप्पा हाताने करणाऱ्यांसाठी लोडिंग ब्लॉक आणि टॉर्च यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ब्लॉक म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा भोकं पाडलेला ठोकळा, बहुतेक वेळा ५० भोकांचा. प्राइमर लावलेल्या पुंगळ्या त्यात तोंड खाली करून उभ्या करायच्या, एक उचलायची, पावडर टाकायची आणि तोंड वर करून परत ठेवायची, म्हणजे कुठली भरली आणि कुठली राहिली यात गोंधळच होत नाही. सगळ्या भरल्या की टॉर्च ब्लॉकच्या बरोबर वर धरायची, तिरकी धरली तर अरुंद पुंगळीत तळाशी सावली पडते आणि काहीच कळत नाही, आणि मग एकेका रांगेतून नजर फिरवायची. एकेकटी पुंगळी बघून पातळी बरोबर आहे का ते सांगणं अवघड असतं, पण शेजारी-शेजारी ठेवल्या की एखादी वर आलेली किंवा तळ दिसणारी लगेच डोळ्यात भरते. नजरेवर भरवसा नसेल तर खूण केलेली बारीक लाकडी काडी आत सोडून खोली बघता येते. ही तपासणी फक्त मोठ्या चुका पकडते, डबल, रिकामी किंवा अर्धी, ग्रेनच्या दहाव्या हिश्शाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी काटाच लागतो.

काट्याची स्वतःची दुखणी आहेत. दांडीच्या काट्यावर मोठं वजन एक खाच पुढे राहिलं की मॉडेलप्रमाणे ५ किंवा १० ग्रेनची चूक होते आणि दांडी मात्र अगदी छान समतोल दाखवत राहते. डिजिटल काट्यावर ग्रेन आणि ग्रॅमचं बटण चुकून दाबलं जातं, पंख्याची झुळूक, स्थिर वीज, जवळ ठेवलेला मोबाइल, खोलीचं बदललेलं तापमान, यातल्या कशानेही आकडा सरकतो. काही काटे अगदी हळूहळू पडणारे पावडरचे कण मोजतच नाहीत, अशा वेळी पॅन उचलून परत ठेवून आकडा बघावा. एक सोपी युक्ती आहे. झिरो केल्यावर रिकामं पॅन उचललं की डिजिटल काटा उणे आकडा दाखवतो, तो पॅनच्या वजनाचा असतो. तो सुरुवातीला कागदावर लिहून ठेवायचा आणि मधून मधून रिकामं पॅन उचलून बघायचा, ०.२ ने जरी सरकला तरी झिरो हललाय असं समजायचं, कारण ४ ग्रेनच्या चार्जमध्ये ०.२ ग्रेन म्हणजे ५ टक्के. काट्यासोबत येणारं कॅलिब्रेशनचं वजन बऱ्याचदा ग्रॅमात बरंच मोठं असतं, त्यावरून खाली ५ ग्रेनपाशी काटा नीट चालतो की नाही ते कळत नाही, म्हणून आपल्या चार्जच्या जवळपासची छोटी चेक वेट, म्हणजे काटा तपासायची वजनं, घेतलेली बरी.

पावडर मेझर, म्हणजे हँडल फिरवलं की ठरलेल्या आकारमानाची पावडर सोडणारं यंत्र, वजन नाही तर आकारमान मोजतं. बारीक गोल दाण्यांची पावडर त्यातून सुरळीत पडते, पण लांब काड्यांसारखी पावडर नळीत आडवी अडकते, एका पुंगळीत कमी पडते आणि तो अडकलेला ढीग पुढच्या पुंगळीत जास्तीचा उतरतो. एक हलकी सापडली तर तिच्या पुढचीही तपासायची ती म्हणूनच. मेझर लावल्यावर आणि मग दर दहाव्या चार्जला वजन करून बघणं ही बऱ्याच जणांची पद्धत आहे.

प्रेस म्हणजे हँडल ओढून हे टप्पे करणारं यंत्र, आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसवर एका हँडलच्या फेऱ्यात सगळे टप्पे एकदम होतात, तिथे ब्लॉकभर पुंगळ्या बघायला मिळत नाहीत. डिलन कंपनीच्या आरएल ५५० सारख्या प्रेसमध्ये पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने फिरवावी लागते आणि मध्येच कुणी हाक मारली, प्लेट फिरवायची राहिली आणि हँडल परत ओढलं की झाला डबल चार्ज. आपोआप फिरणाऱ्या प्रेसमध्येही काहीतरी अडकलं आणि हँडल अर्ध्यातून मागे-पुढे केलं की खात्री संपते. त्यामुळे कामात खंड पडला की पावडरच्या टप्प्यावरची पुंगळी बाहेर काढायची, पावडर परत ओतायची आणि त्या पुंगळीपासून नव्याने सुरू करायचं. जोडीला उपकरणंही आहेत. हॉर्नडी कंपनीच्या पावडर कॉपमध्ये दांडी वर येऊन पातळी दाखवते पण ती बघावी लागते, आरसीबीएस कंपनीची लॉक-आउट डाय (प्रेसवर बसवायचा सुटा भाग) पातळी फार चुकली तर प्रेसच थांबवते, डिलनचं यंत्र आवाज करतं. यांना प्रेसवर एक मोकळी जागा लागते आणि तीही मोठ्याच चुका पकडतात. गोळी ठेवायच्या क्षणी पुंगळीत नजर टाकायची सवय आणि त्यासाठी प्रेसवर नीट लावलेला दिवा, हे उपकरण असलं तरी सोडू नये.

आणखी एक गोष्ट वजनात कधीच दिसत नाही, ती म्हणजे चुकीची पावडर. फास्ट आणि स्लो पावडर दिसायला सारख्या असू शकतात, वजन अगदी बरोबर भरेल आणि तरी चार्ज जीवघेणा ठरेल. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, काम संपलं की मेझरमधली पावडर त्याच डब्यात परत करायची, आणि ओळख पटत नसलेली पावडर वापरायचीच नाही. डब्यावरचं नाव आणि लोड मॅन्युअलमधलं (कुठल्या काडतुसाला कुठली पावडर किती, ते सांगणाऱ्या पुस्तकातलं) नाव अक्षरन् अक्षर जुळवायचं, मिळतीजुळती नावं खूप आहेत.

थोडीशी जरी शंका राहिली तरी ती काडतुसं झाडून बघायची नसतात. बुलेट पुलरने, हातोडीसारखा आपटायचा असो की प्रेसवर लावायचा, गोळ्या काढायच्या आणि प्रत्येक चार्ज काट्यावर मोजायचा. प्रत्येक डब्यावर तारीख, पावडर, चार्ज आणि गोळीचं वजन लिहिलेलं असेल तर पूर्ण साठा न उघडता नेमका तेवढाच डबा उघडावा लागतो.