भारत–नेपाळ खुली सीमा

भारत व नेपाळ यांच्या नागरिकांना पारपत्र व व्हिसा यांवाचून खुष्कीच्या मार्गाने परस्परांच्या देशात ये-जा करू देणारी व्यवस्था. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, प. बंगाल व सिक्कीम या राज्यांना भिडणाऱ्या या सीमेची लांबी भारतीय आकड्यांनुसार सु. १,७५१ किमी. आहे, नेपाळी लेखनात ती अधिक आढळते.

सीमेच्या खुलेपणाचा उगम वादग्रस्त आहे. त्याचे श्रेय सामान्यतः ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री कराराला देतात. त्याच्या सातव्या कलमाने निवास, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत परस्परांच्या नागरिकांना सारख्या सवलती मान्य केल्या. मात्र ‘खुली सीमा’ हे शब्द करारात कोठेच नाहीत. त्यामुळे कराराने जुन्या वहिवाटीला केवळ लेखी आधार दिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांच्यातील सुगौलीच्या तहाने (१८१५, मान्यता १८१६) पश्चिमेस काली व पूर्वेस मेची या नद्यांची हद्द ठरली, माणसे अडविण्याचा हेतू त्यात दिसत नाही. गुरखा पलटणींच्या भरतीला मोकळी वाट सोयीची होती, म्हणून काही अभ्यासक भरतीलाच मूळ कारण मानतात. परंतु तराईत (हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात) दोन्हीकडे मैथिली, भोजपुरी व अवधी बोलणारे समाज आहेत आणि त्यांची सोयरीक बहुधा भरतीहून जुनी असावी. ‘रोटी-बेटी’चे नाते म्हणतात ते हेच. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे याच तराईत आश्रयाला गेले. उठावात इंग्रजांना साहाय्य करणारे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांच्या नेपाळला १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली व कंचनपूर हा मुलूख परत मिळाला आणि हद्द पुन्हा बदलली.

हद्दीवरील मोकळ्या पट्ट्याला ‘दशगजा’ म्हणतात. रक्सौल–वीरगंज, सुनौली–भैरहवा व जोगबनी–विराटनगर ही प्रमुख नाकी होत. विमानप्रवासात भारतीयांना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. भारताच्या बाजूस २००१ पासून सशस्त्र सीमा बल पहारा देते.

मुंबई-पुण्यात रात्रीच्या राखणदाराला ‘गुरखा’ म्हणण्याची रीत नेपाळी स्थलांतरितांमुळे रुळली. शब्द मूळचा गोरखा या स्थळनामावरून आलेला असून तो धंद्याचा वाचक नाही; सरसकट वापर टाळणे योग्य.

करोना साथीत मार्च २०२० मध्ये ही ये-जा थांबली, तेव्हा परतणारे अनेक नेपाळी मजूर नाक्यांवर अडकून पडले. १९५० च्या करारासह उभय देशांच्या संबंधांचा फेरविचार करण्यासाठी २०१६ मध्ये नेमलेल्या संयुक्त तज्ज्ञगटाचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला. पुढे अनेक वर्षे तो सरकारांनी स्वीकारला नाही.