एका बटेपुरतं रसायन

एप्रिलमधली दुपार. सांगलीत विश्रामबागेतल्या एका छोट्या पार्लरमध्ये मी भाचीसोबत बसले होते. साखरपुड्याआधी तिला हायलाइट्स, म्हणजे मोजक्या बटा उजळवून घ्यायच्या होत्या आणि सोबतीला मावशी हवी होती. पार्लरवाल्या ताईंनी ट्रॉलीवर सामान मांडलं. बारीक, लांब शेपटीचा कंगवा, प्लॅस्टिकचं वाडगं, दोन चपटे ब्रश, मोठ्या क्लिपा आणि वीतभर लांबीच्या कापून ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या. नव्याने कामाला लागलेल्या मुलीने ब्लीच कालवायला हाताशी असलेली स्टीलची वाटी घेतली, तशी ताईंनी ती तिच्याकडून काढून घेतली. "धातू नको गं, प्लॅस्टिकमध्येच कालव."

भाचीने लगेच माझ्याकडे पाहिलं. "मावशी, मग फॉइल कसं चालतं? तेही धातूच आहे की."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित येतो. त्याचं उत्तर देताना लक्षात आलं, की त्या ट्रॉलीवरच्या प्रत्येक वस्तूचं काम एकच आहे. रासायनिक क्रिया एका बटेपुरती बांधून ठेवायची, शेजारच्या केसाला आणि खालच्या कातडीला तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. रंग डबीत असतोच, तो कुठे चढेल आणि कुठे चढणार नाही हे मात्र ही साधनं ठरवतात.

आधी केस पाहू. आपल्याकडचा काळा केस साधारण ६० ते ९० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डब्यात पोळ्या गुंडाळायचं फॉइल असतं १० ते १८ मायक्रॉनचं. म्हणजे ज्याला आपण 'केसाएवढं बारीक' म्हणतो तो केस फॉइलच्या निदान तिप्पट-चौपट जाड! त्याच्या बाहेरून खवल्यांचे थर असतात, कौलारू घराच्या छपरावर कौलं बसवावीत तसे, एकावर एक चढलेले, टोकाकडे उतरते. आत केराटिन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांच्यात विखुरलेले मेलॅनिनचे कण. केसाच्या वजनात मेलॅनिन तीन टक्क्यांहूनही कमी असतं, आणि सगळा काळेपणा तेवढ्यातूनच येतो.

काळ्या केसावर सोनेरी बट हवी असेल तर नुसता रंग लावून भागत नाही, आधी हे मेलॅनिन फोडावं लागतं. ते काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. १८१८ मध्ये तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं. पार्लरमध्ये 'वीस व्हॉल्यूम', 'तीस व्हॉल्यूम' असे शब्द सहज कानावर पडतात. वीस व्हॉल्यूम म्हणजे त्या एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन वायू निघू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर वीस म्हणजे ६ टक्के, तीस म्हणजे ९ टक्के. ब्लीचचा लेप करताना त्यात मिसळायच्या पावडरीत परसल्फेटचे क्षार असतात. तेही ऑक्सिडीकारकच, पेरॉक्साइडच्या जोडीने मेलॅनिन फोडणारे.

पण खवल्यांची कौलं बंद असताना पेरॉक्साइड आत जाणार कसं? तासगावकडच्या बेदाणा करणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. हे पाणी अल्कधर्मी असतं. मेणाच्या थरातून वाट मोकळी होते आणि शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्ष भराभर सुकतं. केसात हीच गोष्ट उलट्या दिशेने हवी असते, बाहेरून आत. ब्लीचचा लेपही चांगलाच अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतो, खवले सैल होतात आणि पेरॉक्साइडला आत शिरायला फट मिळते. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, ते याच अल्कतेमुळे. ब्लीचची अल्कता साबणाच्या जवळपासचीच असते, आणि ती अर्धा-पाऊण तास केसावर बसून राहते.

आता कंगवा. त्याच्या शेपटीचं काम बघत राहावं असं असतं. ताईंनी भांगाजवळून केसांचा एक पातळ पापुद्रा उचलला आणि शेपटीचं टोक त्यातून असं नेलं, जसा आपण कापडात धावदोरा घालतो. काही केस शेपटीच्या वर, काही खाली. वरचे तेवढे फॉइलवर आले, खालचे सुटून परत काळ्या केसांत गेले. टाका बारीक घातला की बटा बारीक, मोठा घातला की जाड पट्टे. हा फरक डोळ्याला वेगळा का दिसतो, त्यालाही कारण आहे. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. एकेक केस त्याहून कितीतरी बारीक. त्यामुळे बारीक टाक्याने उचललेले उजळ केस आणि शेजारचे काळे केस नजरेत मिसळतात आणि आपल्याला मधलाच एक तपकिरी रंग दिसतो, जो प्रत्यक्षात एकाही केसाला नसतो. धूपछाँव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून तिसरीच छटा आणतात, तसंच हे. मला स्वतःला बारीक टाक्याचंच काम आवडतं. त्याला वेळ दुप्पट लागतो, हेही खरं.

सगळ्यात जास्त काम मात्र फॉइल करतं. पहिली गोष्ट ओलाव्याची. ब्लीचची क्रिया पाण्यातच चालते. लेप वाळला की ती तिथेच थांबते, मग घड्याळात कितीही वाजोत. फॉइलची घडी घातली की पाणी उडत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि तीही पाण्याशीच जोडलेली. माठातलं पाणी गार राहतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून. फॉइलने ते उडणंच थांबवलं की हा गारवा मिळत नाही. पेरॉक्साइड फुटताना निघालेली थोडी उष्णता आणि डोक्याची ऊब आतच राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणून उघड्यावर लावलेल्या लेपापेक्षा फॉइलमधली बट लवकर आणि जास्त उजळते. याच कारणाने टाळूजवळचे एक-दोन सेंटिमीटर केस बाकीच्यांच्या आधी उजळतात. सगळीकडे एकाच वेळी लेप लावला तर मुळं पिवळी आणि लांबी नारिंगी असा उलटा प्रकार होतो. जाणकार हात आधी मधल्या भागाला आणि शेवटी मुळाशी लावतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, डबीवरचा वेळ डोळे झाकून पाळू नये. दर पाच-सात मिनिटांनी एखादी घडी उघडून पाहावी. फॉइलवर ड्रायरचा गरम झोत तर मारूच नये. धातू उष्णता चटकन पोचवतो आणि खाली कातडी असते.

एक बारकी गोष्ट त्या दिवशी मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिली. ताईंनी प्रत्येक पट्टीची वरची कड आधी बोटभर दुमडली, कंगव्याची शेपटी त्या दुमडीत धरली आणि ती कड टाळूला टेकवली. म्हणजे मुळाशी एक छोटा बांध तयार झाला. लेप त्या बांधाच्या थोडा अलीकडेच थांबवला. याचं महत्त्व मला आमच्या घरच्या एका अनुभवावरून माहीत आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या बहिणीच्या बटा केल्या, तेव्हा लेप पातळ होता आणि तो अगदी मुळापर्यंत लावला होता. आत ऑक्सिजन सुटतो, लेप फुगतो, घडी टम्म होते. जवळजवळ असलेल्या दोन केसांच्या फटीतून पातळ लेप आपोआप ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. घड्या सोडल्या तेव्हा भांगाजवळ तीन वाटोळे पिवळे ठिपके उमटले होते. केस वाढून ते खाली सरकेपर्यंत तिला वेगळा भांग पाडावा लागला. म्हणून लेप दह्यासारखा घट्ट हवा, बांध हवा आणि घडी हलकी हवी. दाबून बंद केलेल्या घडीत वायूला जागा राहत नाही आणि तो लेप बाहेर ढकलतो.

फॉइलआधी टोपी होती, अजूनही काही ठिकाणी ती आहे. बारीक भोकांची रबरी किंवा सिलिकॉनची टोपी घट्ट घालायची आणि क्रोशाच्या सुईसारख्या आकड्याने एकेका भोकातून थोडे थोडे केस बाहेर ओढायचे. आखूड केसांना ती सोयीची, विशेषतः मुलांच्या. लांब, दाट केस ओढताना गुंततात आणि दुखतातही. वापरून भोकं सैल झाली की तिथून लेप आत उतरतो.

अलीकडे ज्याची फार मागणी आहे त्या बालयाजमध्ये टोपीही नाही आणि फॉइलही नाही. या फ्रेंच शब्दाचा अर्थ झाडणं, केर काढणं. बट हातावर किंवा छोट्या फळीवर पसरायची आणि ब्रशने वरून खाली लेपाचा हात फिरवायचा, मुळाशी हलका, टोकाशी भरपूर. इथे बांध घालायचं काम लेपाचा घट्टपणाच करतो. त्यासाठीच्या पावडरीत पांढऱ्या मातीसारखा पदार्थ मिसळलेला असतो. लेपाच्या वरच्या अंगाला पापडी धरते आणि आतला भाग ओला राहतो. क्रिया सावकाश चालते, उजळपणा कमी येतो, पण कुठे सुरू झाला ते दाखवणारी रेघ उमटत नाही. काळ्याभोर केसांवर एका बैठकीत यातून प्लॅटिनम सोनेरी मागू नये.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. लोखंड आणि तांबं यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एका अवस्थेतून दुसरीत सहज जातात, एक इलेक्ट्रॉन द्यायचा, परत घ्यायचा. या देवाणघेवाणीत पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय आक्रमक कण निघतात. ते मेलॅनिन आणि केराटिन असा भेद करत नाहीत, समोर येईल ते फोडतात. लोखंड आणि पेरॉक्साइडच्या या जोडीबद्दल हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लिहिलं. त्यांनी प्रयोग केला होता टार्टारिक आम्लावर, म्हणजे आपल्या द्राक्षांत जे आम्ल मुख्य असतं त्यावरच. अ‍ॅल्युमिनियमचा आयन मात्र एकाच अवस्थेत राहतो, त्याला ही देवाणघेवाण जमत नाही. शिवाय त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा असतो. अल्कधर्मी लेप त्याला हळूहळू खाऊ शकतो, पण पाऊण तासात फॉइलचं काही बिघडत नाही. चांगलं स्टेनलेस स्टीलही लगेच काही करेल असं नाही. पण ओरखडे, गंज, जुनं भांडं यांचा भरवसा नसतो, म्हणून पार्लरचा सरसकट नियमच बरा.

खरी भीती वाडग्यातल्या धातूपेक्षा केसातल्या धातूची. काही 'काळी मेंदी' पाकिटांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही द्रावणांत धातूचे क्षार असतात. ते केसात बसून राहतात आणि ब्लीच लागलं की बट गरम होते, फॉइलमध्ये तर जास्तच, कधीकधी वाफ येण्याइतकी. ताईंनी भाचीला आधी विचारलं, "गेल्या वर्षभरात मेंदी लावली होतीस का? कुठली?" मग तिच्या कानामागची चार केसं कापून, थोड्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब टाकून त्यात अर्धा तास बुडवून ठेवली. फसफसलं नाही, वाटी गरम झाली नाही, तेव्हाच पुढचं काम सुरू झालं. ज्या पार्लरमध्ये हा प्रश्न विचारत नाहीत तिथे आपण होऊन सांगावं, सगळं सांगावं. ब्लीचनंतर रंग लावायचा असेल तर त्यातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी आहे का, तेही दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून पाहावं.

आणि जी बाई दिवसभर हे काम करते तिच्याकडेही पाहावं. परसल्फेटची पावडर हवेत उडते आणि वर्षानुवर्षं श्वासात गेली तर दमा लागतो. केशरचनाकारांमधला हा नोंदलेला व्यावसायिक आजार आहे. ताईंनी पावडर कालवताना मास्क लावला, खिडकी उघडली, हातमोजे घातले. उकाड्यात ते सगळं घालून चार तास उभं राहणं सोपं नाही. त्या वेळाचे पैसे मोजताना मला तरी घासाघीस करवत नाही.

थोड्या वेळाने पहिली घडी उघडून पाहिली आणि भाचीचा चेहरा उतरला. बट नारिंगी होती, अगदी झेंडूची. हे व्हायचंच होतं. काळं-तपकिरी मेलॅनिन आधी फुटतं, तांबूस मेलॅनिन जास्त चिवट असतं, आणि अर्धवट फुटलेलं काळंही पिवळट-तपकिरीच दिसतं. काळ्याकडून तांबडा, नारिंगी, पिवळा असाच हा रस्ता जातो, मधली पायरी गाळता येत नाही. ताईंनी आणखी थोडा वेळ दिला, बट पिवळी झाल्यावर धुतली आणि जांभळट टोनर, म्हणजे छटा बदलणारा हलका रंग, लावला. पांढऱ्या धोतराचा पिवळेपणा मारायला आपण नीळ देतो, तीच युक्ती. बट मधाच्या रंगावर येऊन थांबली.

काही साधे काळे केस आणि काही धुतलेल्या बटेतले मी कागदात घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. सूक्ष्मदर्शकाखाली काळा केस जवळजवळ अपारदर्शक दिसला, कडेला तेवढी तांबूस झिलई. बटेतला केस काचेसारखा, आरपार पिवळसर. मग दोन्ही प्रकारच्या केसांच्या छोट्या जुडीवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला. काळ्या केसांवर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोल बसून राहिला. खवल्यांवर मुळात स्निग्धाचा पातळ थर असतो, तो पाणी झटकतो. उजळलेल्या जुडीत थेंब टेकला आणि मुरला. तो थर ब्लीचने गेला, आतले गंधकाचे बंधही थोडे तुटले, आणि असा केस ओला असताना ओढला तर ताणला जातो पण पूर्ववत आखडत नाही. भाचीला फोन करून एवढंच सांगितलं, की ओल्या केसांतून बारीक कंगवा फिरवू नकोस, आधी बोटांनी सोडव. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. या बटा खांद्याखाली आहेत, तिथवर नवा केस पोचायला दोन-अडीच वर्षं लागतील.