रिपोर्टचा मेसेज नक्की कोणाच्या फोनवर येतो?

गुप्तरोगाच्या दवाखान्याला सगळ्यात जास्त सतावते ती गोष्ट म्हणजे पेशंट परत न येणं. माणूस कसाबसा एकदा धीर करून येतो, रक्त-लघवी देतो आणि मग रिपोर्ट घ्यायला फिरकतच नाही. त्यात क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन बायकांना बऱ्याचदा काहीच त्रास देत नाही, आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत जातं आणि पुढे दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या होतात तेव्हा कुठे कळतं. म्हणजे रिपोर्ट आणि गोळी यांच्यामधले दिवस कमी करणं हाही उपचारच झाला. लंडनच्या एका दवाखान्यात पेशंटना एसएमएसने बोलावून बघितलं, २००६ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, त्यात टेस्टपासून औषधापर्यंतचा काळ १५ दिवसांवरून साधारण साडेआठ दिवसांवर आलेला दिसतो.

हे ऐकून कोणालाही वाटेल की मग इथेही लगेच चालू करूया. करूयाच, पण आधी आपल्याकडचा फोन बघा ना. नवरा मुंबईला, बायको गावाला सासू-सासऱ्यांसोबत, तिचा फोन संध्याकाळी पोराच्या हातात गेमसाठी, दुपारी सासूला मुंबईला बोलायला तोच फोन, आणि मेसेज आला की लॉक असलेल्या स्क्रीनवरही पहिली ओळ बऱ्याचदा दिसते. त्या ओळीत आजाराचं नाव असेल तर त्या घरात पुढे काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. सध्याच्या नियमाने असे मेसेज पाठवणाऱ्या संस्थेला आपलं छोटं नाव आणि मेसेजचा मजकूर दोन्ही आधी नोंदवावं लागतं, आणि ते नाव मेसेजच्या वर दिसतं. त्यामुळे आत काहीही न लिहिता नुसत्या नावानेही गुपित फुटू शकतं.

आता मराठीतून लिहायचं तर जागाही कमी मिळते. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात पण देवनागरीत फक्त ७० जागा, आणि त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाची वेगळी जागा धरतात. स्त्रीरोग हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, तो ९ जागा खातो. मला ही अडचण वाटतच नाही, उलट बरंच आहे. ‘तुमचा रिपोर्ट आलाय. दवाखान्यात फोन करा.’ हे स्पेस आणि टिंबं धरून ३९ मध्ये बसतं, आणि यापेक्षा जास्त लिहूच नये.

कारण मेसेजमधून शिकवायला गेलं की फारसं हाती लागत नाही असं दिसतंय. ब्रिटनमध्ये गुप्तरोगाचं इन्फेक्शन झालेल्या १६ ते २४ वयाच्या ६२४८ मुलामुलींवर मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापला गेला. कंडोम वापरा, जोडीदाराला सांगा, पुन्हा तपासा असे मेसेज काहींना वर्षभर पाठवले. कंडोमचा वापर थोडा वाढला, पण वर्षभरात पुन्हा इन्फेक्शन झालेले मेसेजवाल्या गटात २२.२ टक्के आणि दुसऱ्या गटात २०.३ टक्के, म्हणजे फायदा नाहीच. आपल्याकडे दक्षिण भारतात एचआयव्हीची गोळी नव्याने सुरू झालेल्या ६३१ जणांपैकी अर्ध्यांना दर आठवड्याला मशीनचा कॉल आणि चित्राचा मेसेज गेला, त्यानेही फरक पडला नाही.

पण केनियात पडला! तिथे एचआयव्हीचे ५३८ पेशंट होते, निम्म्यांना नर्स आठवड्यातून एकदा मेसेज करायची, ‘कसं चाललंय?’ एवढाच. ना गोळीचं नाव, ना आजाराचं. पेशंटने ४८ तासांत बरं आहे किंवा अडचण आहे असं कळवायचं, आणि ज्याने अडचण कळवली किंवा उत्तरच दिलं नाही त्याला नर्स स्वतः फोन लावायची. वर्षभराने गोळ्या नीट घेणारे ६२ टक्के, मेसेज नसलेल्यांत ५०. रक्तात व्हायरस दबलेले ५७ आणि ४८. माझ्या मते खरी जादू त्या नर्सच्या फोनमध्ये आहे, मेसेज फक्त कोणाला फोन करायचा ते शोधून देतो. आणि आपले संस्थेच्या नावाने येणारे मेसेज असतात त्यांना उलट उत्तरच देता येत नाही, म्हणजे जे चाललं तेच आपण कापून टाकतो. साध्या मोबाईल नंबरवरून, समुपदेशक ताईंच्या हातातल्या फोनवरून हे व्हायला हवं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरच्या खलाशाचं उदाहरण घ्या. बोट खोल समुद्रात गेली की रेंज गेली, परत बंदराच्या जवळ आली की सगळे मेसेज एकदम येऊन पडतात, आणि त्या वेळी फोन केबिनमध्ये सगळ्यांचे एकत्र चार्जिंगला लावलेले. ४८ तासांचा नियम त्याला लावून उपयोग नाही, तिथे बोट कधी येते ते विचारून ठेवायचं. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बरेच खलाशी आपापल्या गावी जातात, सिमही बदलतात.

जोडीदाराचा प्रश्न तर आणखी अवघड. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगाच्या सरकारी दवाखान्यात, रंगावरून ओळखायची औषधांची किट फुकट मिळतात, राखाडी किटातल्या गोळ्या एकाच वेळी घेऊन टाकायच्या असतात, पण जोडीदारानेही घेतल्या नाहीत तर आजार परत येतो, आणि तो जोडीदार गणपतीला नाहीतर शिमग्यालाच घरी येणार. त्याला दवाखान्याने परस्पर मेसेज केला तर बायको संकटात. तिला विचारूनच, ती म्हणेल त्याच रस्त्याने जायचं. एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय माहिती फुटू न देणं कायद्यातच आहे, २०१७ चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू.

म्हणून केसपेपर काढताना नंबर विचारला की तिथेच स्पष्ट सांगा, फोन माझ्या एकटीचा आहे की घरातल्या सगळ्यांचा, मेसेज चालेल की नाही, कितीच्या दरम्यान फोन केलात तर मी एकटी असेन. कोणी विचारलं नाही तरी सांगा. नंबर बदलला तर आधी दवाखान्याला कळवा, बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो आणि तुमचा मेसेज त्याच्याकडे जाईल. आणि कुठे जायचं तेच माहीत नसेल तर १०९७ ही एचआयव्ही-एड्सची सरकारी टोल फ्री हेल्पलाईन आहे, फोन झाला की कॉल लिस्टमधून तो नंबर काढून टाका.