रेल्वे-प्रतिकृतींवरील धातुभागांसाठी आसंजके

आगगाड्यांच्या प्रतिकृतींवर हातकठडे, पायऱ्या, घंटा, नामपट्ट्या असे पितळेचे किंवा पांढऱ्या धातूचे (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचे) बारीक भाग चिकटवून बसविण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये. सांगाडा पितळेचा असेल, तर डाख देणेच श्रेयस्कर. पांढऱ्या धातूलाही सुमारे ७०° से. ला वितळणारा डाख चालतो. प्लास्टिकचा सांगाडा ही उष्णता सहसा सोसत नाही. प्लास्टिक विरघळवून सांधणारे पॉलिस्टायरीन-सिमेंट धातूला धरत नाही. त्यामुळे मुख्यतः सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारे आसंजक) आणि एपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचे आसंजक) यांतूनच निवड करावी लागते.

सायनोॲक्रिलेटाचे श्रेय सामान्यतः ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर यांना दिले जाते. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना तो हाती आला, पण जिथेतिथे चिकटतो म्हणून बाजूला पडला, असे सांगतात. मात्र सायनोॲक्रिलेटाच्या एकवारिकांच्या (साखळीने जुळू शकणाऱ्या मूळ रेणूंच्या) निर्मितीचे पेटंट गुडरिच कंपनीच्या ॲलन आर्डिस यांचे आहे (अर्ज १९४७, मंजुरी १९४९). चिकटविण्याचा गुण १९५१ मध्ये टेनेसीतील किंग्जपोर्ट येथे ध्यानात आला: कूव्हर यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) मोजताना उपकरणाचे लोलकच चिकटवून टाकले. १९५८ मध्ये हे आसंजक ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आले. तेव्हा संयुगाच्या पेटंटाचा मान आर्डिस यांचा आणि आसंजकाचा कूव्हर-जॉयनर यांचा, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते. व्हिएटनाम युद्धात सायनोॲक्रिलेटाचा जखमांवर वापर झाला हे खरे. पण शोध त्यासाठी लागला, हा लोकप्रिय समज चुकीचा आहे.

पृष्ठभागावरील ओलाव्याने सायनोॲक्रिलेटाचे बहुवारिकीकरण होते, म्हणजे त्याचे रेणू साखळीने जुळून ते घट्ट होते. म्हणून कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी बाटली लवकर खराब होते. ‘फेव्हिक्विक’ याच वर्गातील. अगदी पातळ थरात ते घट्ट धरते व सरकवणारा ताण सोसते, परंतु सोलणाऱ्या ताणापुढे व धक्क्यापुढे ठिसूळ ठरते. तापमानाबरोबर पॉलिस्टायरीन (प्रतिकृतींचे नेहमीचे प्लास्टिक) पितळेच्या तिपटीहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे लांब पट्टीचा सांधा कालांतराने सुटू शकतो. बोटांत येणारा हातकठडा नुसता पृष्ठभागावर चिकटवू नये; छिद्र पाडून तारेचे टोक आत घालावे आणि आतून थेंब द्यावा. सायनोॲक्रिलेटाच्या वाफेने खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक चढते.

एपॉक्सी (उदा., ‘अरल्डाइट’) दोन घटकांची असते व फटी भरते. पाच मिनिटांत बसणारे प्रकार सोयीचे, पण सावकाश बसणारे बहुधा अधिक बळकट. वजनदार ओतीव भागांसाठी हीच निवडावी.

दोन्ही प्रकारांत धातू आधी घासून त्यावरील तेलकटपणा काढावा लागतो. चिकटलेला सायनोॲक्रिलेट ॲसिटोनने सुटतो. तथापि ॲसिटोन पॉलिस्टायरीनही विरघळवते, म्हणून प्लास्टिकच्या डब्यावर ते वापरू नये.