सांगलीच्या शेतीअर्थकारणाची पार्श्वभूमी: पाणी कुणापर्यंत पोहोचले?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जवळपास निम्मा होता. आज तो १८ टक्क्यांच्या आसपास आहे. काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक मात्र अजून शेतीवरच अवलंबून आहेत. शेतीप्रधान विकसनशील देशाचा हा पेच सांगली जिल्ह्यात एकाच हद्दीत दिसतो. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरात पाऊस थांबता थांबत नाही, तर पूर्वेला आटपाडी आणि जत तालुक्यांत तो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. हा फरक निसर्गाने केलेला असला, तरी त्यातून उभी राहिलेली आर्थिक दरी दीडशे वर्षांत माणसांनी घेतलेल्या निर्णयांची आहे.

आजच्या जिल्ह्याचा बराच भाग ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात मोडत होता आणि उरलेला सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत विभागलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला तेजी आली, तेव्हा दख्खनमधल्या शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळले, पण रोखीने भरायचा शेतसारा आणि सावकाराचे व्याज कायम राहिले. त्याचा स्फोट १८७५ मध्ये मुख्यतः पुणे आणि नगर जिल्ह्यांतील दंग्यांत झाला. पाठोपाठ आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत कर्जखताच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. सावकारांनी त्यावर गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधली. त्याच १८६० च्या दशकात कराडजवळ खोडशी येथे बंधारा बांधून कृष्णा कालवा काढण्यात आला होता. त्याचे पाणी नदीलगतच्या सखल जमिनीला मिळाले, पूर्वेकडच्या दुष्काळी माणदेशाच्या माळाला नाही. पुढच्या शंभर वर्षांतल्या पाणीवाटपाचा साचा इथेच पडला.

१९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असणाऱ्या शेतकऱ्यांना तो नांगर विकण्यापासून या व्यवसायाची सुरुवात झाली होती. शेतीच्या गरजेतून उद्योग उभा राहण्याचे असे उदाहरण या परिसरात पुन्हा क्वचितच घडले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला; १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. जमिनीबरोबर भांडवल हवे होते, आणि ते सहकारातून आले. १९५० मध्ये प्रवरानगरच्या साखर कारखान्याने वाट दाखवल्यावर रेठरे बुद्रुक येथे कृष्णा कारखाना आणि सांगलीत वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सभासदांचे भाग, सरकारचे भागभांडवल आणि वित्तसंस्थांचे कर्ज या तिन्हींवर कारखाना चाले. उसाच्या बिलातून होणाऱ्या कपातीतून उपसा जलसिंचन, शाळा, दवाखाने उभे राहत. गुळाच्या अडत्यावर आणि सावकारावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, हे या चळवळीचे मोठे यश होय. मात्र सभासद होण्याची खरी अट ऊस ही होती, आणि ऊस पाण्याशिवाय येत नाही. त्यामुळे सहकाराची सुबत्ता कृष्णा आणि वारणेच्या काठाने वाढली. जतचा कोरडवाहू शेतकरी त्या साखळीत आला तो बहुधा ऊसतोडीचा मजूर म्हणून.

पूर्व भागाने त्याआधीच आपली सोय बाहेर शोधली होती. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायात देशभरच्या शहरांत पांगली. गलाई व्यावसायिकांनी धाडलेल्या पैशातून गावाकडे घरे बांधली गेली आणि विहिरी खोदल्या गेल्या. साताऱ्याच्या डोंगरी भागातही मुंबईच्या गिरण्या आणि गोदी यांतली मजुरी मनिऑर्डरने येई. म्हणजे ज्या घरांची गणना शेतकरी कुटुंबांत होत होती, त्यांचा संसार बऱ्याच अंशी शहरातल्या कमाईवर चालला होता. शेतीवर अवलंबून असलेल्यांचे आकडे वाचताना ही बाब सहसा निसटते.

दुष्काळात सरकारनेच काम द्यावे, या विचाराला कायद्याचे रूप मिळण्यात याच जिल्ह्याचा वाटा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आपली कल्पना आधी राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजनेच्या खर्चाचा मोठा भार शहरी नोकरदारांकडून घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय कराने उचलला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे हाच अनुभव होता.

मजुरी मिळाली, तरी पाण्याचा प्रश्न राहिलाच. १९८० च्या दशकात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्यासाठी नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क हवा, ही समन्यायी वाटपाची मागणी तिथूनच पुढे आली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार आपल्या वाट्याचे पाणी अडवण्यासाठी २००० ची मुदत राज्यापुढे होती. त्या घाईत १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांवर कर्जरोख्यांचा पैसा लागला.

पाणी पोहोचले तिथे पीकपद्धती झपाट्याने बदलली. तासगावच्या द्राक्षांनी आणि बेदाण्याने आधीच बाजार मिळवला होता. आटपाडीत डाळिंब रुजले, आणि जिथे ज्वारी-बाजरी होती तिथेही ऊस आला. नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने शेकडो फूट वर चढवायचे तर विजेचे बिल आलेच. ते थकले की पंप थांबत आणि पाणीपट्टी कुणी किती भरायची हा वाद उभा राही. शेवटच्या टोकाला असलेल्या जतच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव एकेकाळी केले होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा हवाला दिला आणि सीमावाद पुन्हा पेटला. त्यानंतरच जतच्या वंचित गावांसाठीची विस्तारित म्हैसाळ योजना राज्य सरकारच्या प्राधान्यक्रमात वर आली.