इंजिन सुरू न होण्याचे कोड आणि कोकण किनाऱ्यावरील निदान

मोटारीचे इंजिन सुरू होत नसेल, तेव्हा तिच्या संगणकाने नोंदवून ठेवलेले दोषांक वाचून बिघाडाचा माग काढण्याची पद्धत. या संगणकाला ईसीएम म्हणतात, दोषांकाला सगळे नुसते ‘कोड’ म्हणतात आणि तो वाचण्याला ‘स्कॅनर लावणे’. रीत जगभर एकच आहे. कोकणात मात्र खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बंद घरांपुढे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या यांमुळे त्याच कोडचा अर्थ लावताना जास्त सावध राहावे लागते.

ही व्यवस्था जन्माला आली ती धुरावर लक्ष ठेवण्यासाठी. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून तिचे पहिले रूप आले. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीतच बसवलेल्या या निदान-व्यवस्थेची दुसरी पिढी, सक्तीची झाली. भारतात बीएस-४ या धुराच्या मानकाबरोबर एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. हा इतिहास सांगायचे कारण म्हणजे धूर बिघडवणारा दोष संगणक टिपतो, पण झिजलेला सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर), सैल झालेले बॅटरीचे टर्मिनल किंवा टाकीतले जुने पेट्रोल याबद्दल तो बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. गाडी सुरू होत नाही आणि कोडही नाही, हा अनुभव त्यामुळे अगदी नेहमीचा आहे.

स्कॅनर जोडण्याचे १६ पिनांचे सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला असते. १६ व्या पिनेवर बॅटरीचा थेट पुरवठा असतो, ४ थ्या आणि ५ व्या पिनेवर अर्थिंग. स्कॅनरचा दिवाच लागला नाही, तर आधी फ्यूज पाहावा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो.

कोडमध्ये एक अक्षर आणि चार अंक असतात. पी म्हणजे इंजिन व गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी आणि यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचे आपसातले बोलणे. पहिला अंक ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान असतो. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या पुस्तकात शोधावा. सुरू होण्याशी थेट संबंध असलेले कोड मोजकेच आहेत. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा आणि पी०३४० कॅम सेन्सरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. पी०६१५ सेल्फच्या रिलेचा, म्हणजे त्याला वीज जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा. पी०२३० पेट्रोल पंपाच्या सर्किटचा, पी००८७ इंधनाचा दाब कमी पडल्याचा. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू०१०० म्हणजे बाकीच्या संगणकांना इंजिनाचा संगणक सापडत नाही. पी०५१३ चुकीच्या चावीचा, म्हणजे इमोबिलायझर या चोरीविरोधी कुलपाचा. मीटरमध्ये चावीचे चित्र लुकलुकत असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी दुसरी चावी लावून पाहावी.

या वर्णनांत ‘सर्किट’ हा शब्द वारंवार येतो, आणि निदानाचा सगळा भार त्यावरच आहे. पी०३३५ मिळाला म्हणजे क्रँक सेन्सर गेला असे होत नाही. सेन्सर, त्याचे कपलर (वायर जोडणारा प्लग), वायर, अर्थिंग आणि संगणकापर्यंतची वाट यांत कुठे तरी सिग्नल अडला आहे, एवढेच त्या कोडला म्हणायचे असते. कोड वाचला, सेन्सर मागवला, बसवला आणि गाडी तशीच उभी राहिली, हा प्रकार किनाऱ्यावर फार होतो. त्यात ग्राहकाचे पैसे जातात आणि मेकॅनिकवरचा विश्वासही.

क्रँक सेन्सर बहुधा इंजिनाच्या खालच्या अंगाला, गिअरबॉक्सजवळ असतो. रस्त्यावरचा चिखल आणि पाणी नेमके तिथे उडते. कपलरची कळ दाबून ते ओढून काढले, की कधी आतल्या पिना स्वच्छ पिवळसर दिसतात, तर कधी एका पिनेच्या मुळाशी हिरवट भुकटी साचलेली असते आणि कपलरच्या तोंडाचे रबर कडक होऊन चिरलेले असते. ती हिरवी भुकटी म्हणजे तांब्याचा गंज. मिठाच्या ओलाव्याने तो झपाट्याने वाढतो. कोरड्या दिवशी त्यातूनही सिग्नल जातो, पावसाची सर आली की अडतो. त्यामुळे ‘सकाळी उठत नाही, दुपारी उठते’ अशी तक्रार येते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने पिना साफ कराव्यात. पॉलिश पेपर घासू नये, पिनेवरचा मुलामा निघतो आणि गंज पुन्हा लवकर धरतो.

याच सेन्सरचा दुसरा दोष उष्णतेचा. कशेडी किंवा आंबा घाट चढून गाडी टपरीवर चहाला थांबते, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन फिरते पण उचलत नाही. अर्ध्या तासाने गार झाली की पहिल्या झटक्याला सुरू. अशा वेळी स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा बघावा. इंजिन फिरत असताना तो साधारण २०० च्या आसपास दिसायला हवा. इंजिन डोळ्यांदेखत फिरते आहे आणि आकडा शून्यावर, तर सिग्नल येत नाही हे नक्की, मग कोड नोंदला असो वा नसो. कोडसोबत साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’ही वाचावी. दोष आला त्या क्षणाचे इंजिनाचे तापमान, वेग आणि आरपीएम तीत असतात. बहुतेक जण ती उघडतच नाहीत.

स्कॅनरच्याही आधी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लागतो, आणि या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या आसपास आले तर ती उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर संगणकांनाच पुरेसा पुरवठा मिळत नाही, आणि ते एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवू लागतात. एकाच वेळी सहा-सात निरनिराळे कोड, त्यांत दोन-तीन यू मालिकेतले, असे चित्र दिसले की आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्यासारख्या अगदी समुद्राकाठच्या गावांत ही पट्टी वरून चांगली दिसते आणि बोल्टखाली खाल्लेली असते. हौसेने वाळूवर उतरवलेल्या गाडीचे खालचे अंग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे.

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. लागलाच नाही तर बहुधा संगणकापर्यंत वीज पोचत नाही, मुख्य रिले व फ्यूज पाहावेत. अनेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो, तो ऐकावा. वर्षभर सीएनजीवर धावणाऱ्या आणि टाकीत नावापुरते पेट्रोल ठेवणाऱ्या गाड्यांत हा पंप लवकर जातो, कारण त्याला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते.

पुराचे पाणी शिरलेल्या गाडीला मात्र कोडचा उपयोग नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीची चावी फिरवूच नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवून गाडी टो करून न्यावी.

कोड पुसण्याची घाई हाही एक दोषच. पुसताना फ्रीझ फ्रेमही जाते. आधी कोड कागदावर लिहून घ्यावेत, मग पुसावेत आणि गाडी चालवून कोणता परत येतो ते पाहावे. काही दोष संगणक पहिल्याच वेळी पक्के धरतो, काही सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच. म्हणून पुसल्यावर दिवा विझला एवढ्यावर गाडी ताब्यात देऊ नये.

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि मे महिन्यापासून पडवीत उभी असलेली गाडी बाहेर काढतात, तेव्हा बॉनेट उघडून आधी उंदरांचा माग बघावा लागतो. नारळी-पोफळीच्या वाडीतले उंदीर इंजिनाच्या आडोशाला घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. तुटलेल्या वायरीचा कोड सेन्सरच्याच नावाने येतो, आणि पुरावा बहुधा बॅटरीच्या खाचेत असतो: सुकी पाने, काथ्या आणि त्यात कुरतडलेल्या वायरीच्या वेष्टणाचे रंगीत तुकडे.